आधी आईचं रक्त

परवा माझ्या टेबलावर एक रिपोर्ट आला. बावीस दिवसांच्या बाळाचा. गुळगुळीत कागद, वर रंगीत चिन्ह, आणि मधोमध लाल ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’. बाळाच्या आईचं रक्त तपासल्याची कुठे नोंद नाही, कारण ते कुणी मागितलंच नव्हतं. बाळाचा बाप समोर खुर्चीत बसलेला, आणि बाळाची आई दाराबाहेर, जिथे लोक चपला काढतात तिथे उभी. आत ये म्हटलं तर ती आधी नवऱ्याकडे पाहायला लागली. माझं डोकं फिरलं. राजापेठेत माझी ओळखच ‘चिडकी डॉक्टरीण’ अशी आहे आणि ती मी मेहनतीने मिळवलेली आहे. पण योग्य ठिकाणी, योग्य माणसावर आणि पुरेसं कसं चिडावं हे मला तायडे मॅडमनी शिकवलं. त्याआधी मी नुसतीच तापट होते.

प्रमिला तायडे. एका तीन मजली इमारतीत खाली माझा लहान मुलांचा दवाखाना आणि वरच्या मजल्यावर त्यांची लॅब. त्यांची म्हणजे कागदोपत्री ती एका डॉक्टरांची होती. ते संध्याकाळी गाडीतून उतरायचे, गठ्ठाभर रिपोर्टांवर सह्या करायचे आणि चहा पिऊन जायचे. सुई टोचण्यापासून रिपोर्ट हातात देण्यापर्यंत बाकीचं सगळं तायडे मॅडम. बुटक्या, काटक बाई. पांढऱ्या कोटाच्या बाह्या त्यांनी कोपरापासून कात्रीने कापून टाकलेल्या, कारण लांब बाही नळ्यांना लागते. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. धम्मदीक्षा घेतलेल्या घरातली ही दुसरी पिढी, आणि शिक्षण ही त्या घरात गंमत करायची गोष्ट नव्हती. फोन उचलला की हॅलो नाही, नमस्कार नाही. एकच प्रश्न, “बोला, कोणाचं रक्त?”

त्यांचा एक नियम होता. तान्ह्या बाळाचं रक्त एकटं आलं तर त्या ते घ्यायच्या नाहीत. कुणाही डॉक्टरचा माणूस असो, नळी त्याच्या हातात परत. “मायचं आन.” तो म्हणायचा, मॅडम, चिठ्ठीत फक्त बाळाचं लिहिलंय. मग चिठ्ठी लिहिणाऱ्याची अक्कल काढली जायची, आणि ती इतक्या खणखणीत आवाजात की जिन्यावर शिकवणीला चाललेली पोरंही थबकायची. शहरातले निम्मे डॉक्टर त्यांच्यावर रागावलेले होते. उरलेले निम्मे आपली माणसं गुपचूप दुसऱ्या लॅबमध्ये पाठवायचे.

या हट्टाचं कारण समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी आहे. डोळ्यांना न दिसणारा. मांजरीच्या विष्ठेतून तो मातीत येतो, मातीतून हातावर आणि भाजीवर, नाहीतर अर्धंकच्चं मटण खाल्लं की पोटात जातो. मोठ्या माणसाला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. चार दिवस कणकण येते आणि संपलं. पण बाईला तो पहिल्यांदाच गरोदरपणात झाला, तर गर्भाशयातली वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचू शकतो आणि बाळाच्या डोळ्यांचं, मेंदूचं वाटोळं करू शकतो. रक्तात आपण तो जंतू शोधत नाही, शरीराने त्याच्याशी लढायला तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधतो. आणि इथेच सगळे फसतात. आईला हा जंतू दहा वर्षांपूर्वी, परकर-पोलक्यात असताना होऊन गेला असेल, तरी तिची जुनी प्रतिद्रव्यं वारेतून बाळात उतरतात. बाळ ठणठणीत असतं आणि रिपोर्ट लाल.

तायडे मॅडम हे दोन वाक्यांत सांगायच्या. “मायनं बांधून देल्लेली शिदोरी हाय ते. महिन्या-महिन्यानं सरत जाते. लेकराचं सोताचं दुखनं असन तं सरनार नाई, वाढन.” मी एम.डी.ला तीन वर्षं घालवली, मला हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

या एका गोष्टीपायी त्यांनी मालकांशीही वैर घेतलं. छापील रिपोर्टाखाली त्या पेनाने लिहायच्या की याचा अर्थ बाळाला आजार आहे असा होत नाही. मालक म्हणाले, रिपोर्टवर हाताने लिहिणं शोभत नाही. बाईंनी दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या शिक्केवाल्याकडून त्याच मजकुराचा शिक्का करून आणला. मालकांनी तो जप्त केला. मग त्या पुन्हा पेनाने लिहू लागल्या, पण आधीच्या दुप्पट मोठ्या अक्षरांत. मालकांनी नाद सोडला.

दुसरा हट्ट फ्रीजरचा. पहिलं रक्त तपासून झालं की त्यातला पिवळा द्रव त्या एका इवल्या नळीत भरून गोठवून ठेवायच्या. दोन-तीन महिन्यांनी बाळाचं नवं रक्त आलं की जुनं आणि नवं एकाच वेळी, एकाच थाळीत लावायच्या. शंभरेक खळगे असलेली प्लास्टिकची थाळी असते ती. आज एका थाळीत आलेला आकडा आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या थाळीत आलेला आकडा यांची तुलना म्हणजे दोन वेगळ्या तराजूंवर तोललेली वांगी, असं त्यांचं म्हणणं. जागा नाही, वीज जाते, कशाला साठवता हा पसारा, असं मालक दर महिन्याला विचारायचे. भारनियमनात त्या घरून बर्फ घेऊन यायच्या.

हे सगळं मला ठाऊक होतं. रोज त्यांच्या हाताखालून आलेले रिपोर्ट मी वाचत होते. तरीही मी तीच चूक केली, आणि ती माझ्या चांगुलपणातून केली, याचा मला अजून राग येतो.

माझी एक सवय आहे. मी केसपेपर मराठीत लिहिते. गावाकडून आलेल्या माणसाला डॉक्टरने काय लिहिलंय ते वाचता आलं पाहिजे, असं माझं व्रत, आणि त्याचा मला भारी अभिमान. एका दिवाळीनंतरच्या सोमवारी मंगेश नावाचा तरुण त्याच्या तीन आठवड्यांच्या मुलाला घेऊन आला. सोबत त्याची आई आणि बायको वैशाली. रिद्धपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची भाजीपाल्याची वाडी. बाळाची कावीळ उतरत नव्हती आणि वजन वाढत नव्हतं. दिवाळीत वरची लॅब बंद, म्हणून कुणाच्या तरी सल्ल्याने त्यांनी दुसरीकडे तपासण्या केल्या होत्या आणि रिपोर्ट घेऊनच आले होते. लाल अक्षरं होती. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मी पेन उचललं आणि माझ्या सुवाच्य, सोप्या मराठीत लिहिलं, ‘गर्भात असताना आईकडून बाळाला जंतुसंसर्ग.’ पुढच्या तपासण्या लिहून दिल्या आणि दुसऱ्या बाळाकडे वळले. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

चार दिवसांनी, भर गर्दीच्या वेळी, तायडे मॅडम जिना उतरून थेट माझ्या खोलीत आल्या. हातात तो केसपेपर. पेशंट बसलेले असताना त्या कधी आत यायच्या नाहीत.

“हे कोनं लिवलं?”

माझंच अक्षर. मीच, असं मी म्हणाले.

“मायचं रक्त पाह्यलं होतं?”

त्या बसल्याही नाहीत. उभ्या-उभ्या त्यांनी सांगितलं ते असं. मंगेशची आई नुकतीच वर आली होती, सुनेला घेऊन, तिच्या अंगात आणखी काय-काय रोग आहेत ते सगळे काढून द्या म्हणत. माझा कागद घरी गेल्यावर मंगेशने तो आईला वाचून दाखवला. मग काकांना. मग अंगणात आलेल्या शेजाऱ्यांना, मोठ्याने, कारण डॉक्टरनेच मराठीत लिहून दिलं होतं आणि कुणाला काही विचारायची गरज उरली नव्हती. आईकडून. या एका शब्दावर वैशालीचा निकाल लागला. तिच्या माहेरी अकोल्याला फुलांचा धंदा आहे आणि घरात मांजरी आहेत, हेही कुणीतरी आठवून काढलं. रोगी पोरगी आपल्या गळ्यात मारली, असं ठरलं. बाळाला घेऊन ती माहेरी जाईल आणि पोराचं पूर्ण बरं झालं तर पुढचं बघू.

“तुमचं अक्षर लय मस्त हाय, डॉक्टरीनबाई,” तायडे मॅडम म्हणाल्या. “साऱ्या गल्लीले वाचता आलं.”

त्या गेल्या. माझ्यासमोर बसलेल्या बाईने आपल्या मुलाला मांडीवर जवळ ओढलं. मला त्या क्षणी तायडे मॅडमचा मनस्वी राग आला. चार लोकांदेखत एका टेक्निशियनने मला बोलावं म्हणजे काय, असंही मनात येऊन गेलं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दुपारी मी वर गेले तोवर त्यांनी माय-लेकरांचं रक्त काढूनही घेतलं होतं.

दोन दिवसांत निकाल आला. जुन्या संसर्गाची प्रतिद्रव्यं आईत आणि बाळात सारखीच. नव्या, ताज्या संसर्गाची, जी वार ओलांडत नाहीत आणि सापडली तर बाळाने स्वतः बनवलेली असतात, ती बाळात नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा तपासला, स्वच्छ. डोक्याची सोनोग्राफी स्वच्छ. आणि ती कावीळ तर काही बाळांना आईच्या दुधावर असताना रेंगाळते तसली, त्याच आठवड्यात आपोआप उतरली. मी सुटकेचा श्वास टाकला. आता लॅबचं एक पत्र द्या, बाळाला काही झालेलं नाही म्हणून, असं मी तायडे मॅडमना म्हणाले. मंगेशच्या तोंडावर मारते, विषय संपतो.

त्या म्हणाल्या, देत नाही.

मला वाटलं, माझ्यावरचा राग काढताहेत. मी वाद घातला. सगळं नॉर्मल आहे, बिचारी पोर माहेरी बसलीय, तुम्हाला कळत नाही का? त्या थाळी धुवत होत्या. धुणं न थांबवता म्हणाल्या की दुसऱ्या रक्ताशिवाय मी ‘हाय’ म्हणत नाही आणि ‘नाई’पन म्हणत नाही. तीन-चार महिन्यांनी आणा, मग वर्षाचा झाल्यावर आणा. मी पुस्तकातलं सांगितलं, त्यांनी पुस्तकातलंच पुढचं पान सांगितलं, की काही बाळं खरोखर लागण झालेली असूनही ताजी प्रतिद्रव्यं बनवत नाहीत. मला ते माहीत होतं. पण मला माझा कागद लवकरात लवकर पुसायचा होता. वैशालीची काळजी कमी आणि माझ्या नावाची जास्त, हे त्या वेळी मला कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते.

वैशाली अकोल्याला गेली. चार महिने झाले तरी दुसरं रक्त द्यायला आली नाही. फोन केला तर तिचे वडील म्हणाले, लग्नसराई आहे, हारांचं काम आहे, येऊ. मग तायडे मॅडमनी एका रविवारी बर्फाचा डबा घेतला आणि मला म्हणाल्या, चला. कुठे, असं विचारायची माझी हिंमत नव्हती. एसटीने मूर्तिजापूर मागे टाकल्यावर, खिडकीबाहेर पाहत, त्यांनी मला दर्यापूरच्या मुलाची गोष्ट सांगितली.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. असंच बाळ, असेच रिपोर्ट, आई रडतेय. यांना दया आली. म्हणाल्या, काही नाही, आईचं आहे, जा घरी. दुसऱ्या रक्तासाठी बोलावलंच नाही. अडीच वर्षांनी ती बाई दुसऱ्या गरोदरपणाच्या तपासणीला आली, सोबत तो मुलगा, एक डोळा तिरळा. यांनी विचारलं, डोळ्याला काय झालं? ती म्हणाली, जन्मापासून असंच आहे बहुतेक. डॉक्टरांनी पाहिलं तर आत पडद्यावर जुना व्रण. त्या डोळ्याने त्याला फक्त उजेड कळत होता. वेळेवर कळलं असतं तर वर्षभराची औषधं असतात, डोळा कदाचित राहिला असता.

“मले दया आली होती ना,” त्या म्हणाल्या. “माह्या दयेचा डोया गेला काय? त्याचा गेला.”

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले तर त्यांनी हात वर केला. ‘हाय’ म्हणायची घाई करणाऱ्या डॉक्टरांवर त्या जितक्या चिडायच्या तितक्याच ‘नाई’ म्हणायची घाई करणाऱ्यांवर चिडायच्या, आणि त्या दुसऱ्या यादीत पहिलं नाव त्यांचं स्वतःचं होतं.

अकोल्याच्या जुन्या शहरात वैशालीचं माहेर. ओसरीवर झेंडूचे ढीग, तिचे वडील आणि भाऊ हार करत बसलेले. बाळ गुटगुटीत झालं होतं. तायडे मॅडमनी त्याच्या टाचेला हातही न लावता कोपराच्या घडीतली शीर एका फटक्यात पकडली, ते रडायच्या आत नळी भरली होती. मग वैशालीच्या आईने जेवायला बसवलं. आम्हा दोघींना स्टीलची ताटं. वैशाली मात्र न्हाणीजवळ बसली होती आणि तिच्यापुढे काठ चेपलेलं एक जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट होतं, बाजूला तसलाच पेला. मला वाटलं, तिची आवड असेल. तायडे मॅडमना एका नजरेत कळलं.

त्यांनी विचारलं, हे ताट कधीपासून? वैशालीच्या आईने मान खाली घातली. घरात देवाची फुलं असतात, बाहेर लोक विचारतात, तिच्या सासरच्यांनी असा कागद दाखवला, आम्ही तरी काय करावं. मारवाडी गल्लीतलं एक गिऱ्हाईक तुटलं म्हणे, फुलं हिच्या हातची नकोत म्हणून.

तायडे मॅडम उठल्या, वैशालीसमोर जाऊन बसल्या आणि तिच्या ताटातली भाकरी मोडून खाऊ लागल्या. सावकाश, ठेच्यासकट, शेवटच्या घासापर्यंत. मग हात धुऊन त्या यजमानीणबाईंना म्हणाल्या, “येगळं ताट मले नवं नाई, बाई. पन माह्या आज्याचं लोकाईनं येगळं केलं होतं. तुमी तं पोटच्या पोरीचं केलं.”

ओसरीवर हार करणारे हात थांबले होते. निघताना त्यांनी ते ताट आणि पेला उचलला, बर्फाच्या डब्याच्या पिशवीत घातला आणि बाहेर रस्त्याच्या कडेला कचऱ्याच्या गाडीत टाकून दिला. मी त्यांच्यामागून चालत होते. हे ताट त्या घरात माझ्या अक्षराने आलं होतं, आणि ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

जुनं आणि नवं रक्त एका थाळीत लागलं. बाळाच्या प्रतिद्रव्यांचं प्रमाण उतरलं होतं, चांगलंच उतरलं होतं. मी मंगेशला बोलावून तसं सांगितलं. त्याच्या आईने विचारलं, पूर्ण गेलं का? पूर्ण नाही, पण उतरतंय, म्हणजे ते आईकडून आलेलं आहे, आजार नाही, असं मी चार वेळा सांगितलं. ती म्हणाली, आईकडून आलं हे तर तुम्ही पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. पूर्ण जाऊ द्या, मग नेतो. मी हताश होऊन वर गेले. तायडे मॅडमनी ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या की वर्षाचं रक्त घ्यायचं त्या दिवशी सगळ्यांना बोलवा, बाळाजवळ राहणारी सगळी माणसं.

तोवर लॅब विकली गेली होती. मालकांनी ती एका साखळीला दिली, यापुढे रक्त इथे फक्त गोळा होणार आणि तपासायला दूर जाणार. जुन्या माणसांना महिन्याअखेर निरोप. वैशालीच्या मुलाला वर्ष पुरं व्हायला आठवडा होता आणि तायडे मॅडमचेही आठच दिवस उरले होते. त्यानंतर त्या मुलीकडे परतवाड्याला गेल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात, झोपेत, गेल्या. मला कळलं तेव्हा पुण्यानुमोदनही होऊन गेलं होतं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या आठवड्यातल्या गुरुवारी.

सोमवारी चौघांनी रक्त दिलं होतं. बाळ, वैशाली, मंगेश आणि त्याची आई. घरातल्या सगळ्यांचं बघायचं आहे, चालेल ना, असं तायडे मॅडमनी रीतसर विचारून घेतलं होतं, आणि सासूबाईंनी तर ‘आमचं काय, आमी चांगले’ म्हणत आधी हात पुढे केला होता. गुरुवारी दुपारी सगळे वर जमले. बाकड्यावर इतर आठ-दहा पेशंट होते. वैशाली वडिलांसोबत एका टोकाला, सासरचे दुसऱ्या टोकाला. तायडे मॅडम आतल्या दारातून आल्या आणि ज्याचं पाकीट त्याच्या हातात दिलं. बाळाचं वैशालीच्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, आधी तुमचं होऊ द्या, आणि आत आपल्या कामाला निघून गेल्या.

माझं म्हणजे मी रात्री लिहून आणलेला नवा कागद. मी तो उभी राहून वाचला. बाळाच्या रक्तात आता काहीही नाही. त्याला हा संसर्ग कधीच झालेला नव्हता. मी आधी लिहिलं ते आईचं रक्त न तपासता लिहिलं होतं आणि ते चूक होतं. त्यात वैशालीचा काही दोष नाही. खाली माझी सही. सासूबाई म्हणाल्या, चला बाई, देवानं ऐकलं, आणि बाळाला घ्यायला उठल्या.

मंगेश उठला नाही. त्याने आपलं पाकीट उघडलं होतं. मातीत रोज हात असलेला माणूस तो. वैशालीच्या रक्तात निघालं तेच ‘पॉझिटिव्ह’ त्याच्या कागदावर होतं, आकडा तिच्याहून मोठा. त्याच्या आईला वाचता येत नव्हतं, तिने काय लिवलं म्हणून विचारलं. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कागद ओढून घेतला, स्वतःच्या न उघडलेल्या पाकिटावर ठेवून दोन्हींची चौपदरी घडी केली आणि पिशवीत खाली कोंबली. इकडे-तिकडे पाहत हळूच म्हणाली, घरी पाहू, येथी नको, लोक हायेत.

वर्षभरात मी वैशालीला मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. ती बाळाची दुपटी आवरत होती. ती आवरून तिने बाळ वडिलांकडे दिलं आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

“येथीच वाचा,” ती म्हणाली. “मोठ्यानं. माहा वाचला होता तसा. नाई तं मी अकोल्याची गाडी धरतो.”

सासूबाईंनी पिशवी छातीशी धरली. मंगेशने आईच्या हातातून पिशवी घेतली, कागद काढला, घड्या सरळ केल्या आणि वाचायला लागला. स्वतःचं नाव, वय, आणि मग तो शब्द, इतक्या खालच्या आवाजात की शेजारी उभ्या असलेल्या मलाही तो नीटसा कळला नाही.

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. टेबलाशी पाठमोऱ्या बसून तायडे मॅडम थाळीच्या एकेका खळग्यात थेंब सोडत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

“ऐकू नाई आलं,” त्या म्हणाल्या.

मंगेशने घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.